अण्णांचा अनपेक्षित अंत

मास्तरांनी आयुष्यात एकदाही शाळेत शिकवलं नव्हतं. तरी ऑफिसात, इमारतीत आणि बायकोच्या माहेरी त्यांना सगळे मास्तरच म्हणत. लिफ्टमध्ये लावलेली सूचना वाचली की खिशातलं पेन काढून तिच्यातले ऱ्हस्व-दीर्घ सुधारायचे, मगच आपल्या मजल्यावर उतरायचं, अशी त्यांची रीत होती. पोटापाण्यासाठी ते दातांच्या दवाखान्यांचे प्रोग्रॅम लिहीत. कुठल्या पेशंटला कधी बोलवायचं, कुणाची दाढ काढली, कुणाची काढायची राहिली, हे सगळं त्या प्रोग्रॅममध्ये.

हे काम ते टिटवी नावाच्या भाषेत करत. टिटवी ही माणसांशी बोलायची भाषा नव्हे, कॉम्प्युटरला काम सांगायची. तिला कुणी मालक नाही. जगभरची माणसं आपापली नोकरी सांभाळून, एक पैसा न घेता ती घडवतात आणि तिच्यात काय बदलायचं ते इंटरनेटच्या फोरमवर आपसांत चर्चा करून ठरवतात. मास्तर गेली कित्येक वर्षं टिटवीवर जगत होते, पण तिच्या घडवणाऱ्यांकडे त्यांनी कधी ढुंकूनही पाहिलं नव्हतं. नळाला पाणी येतंय तोवर धरणावर कोण जातो?

मास्तरांना धरणावर नेलं ते सासऱ्यांनी.

सासरे म्हणजे अण्णा. उभी हयात पाणीखात्यात पंप सांभाळण्यात गेली आणि निवृत्तीनंतर ते लेकीकडे राहायला आले. माणूस अत्यंत सज्जन. एकच खोड होती. स्वयंपाकघरात कुणी नळ सोडला की ते दारात येऊन उभे राहत. बोलत काही नसत, फक्त पाण्याकडे बघत. काही दिवसांनी मास्तरांच्या बायकोला भांडी विसळताना गुन्हेगार असल्यासारखं वाटू लागलं. तिचा स्वतःचा ड्रायव्हिंग क्लास होता. दिवसभर शिकाऊ लोकांच्या शेजारी जीव मुठीत धरून बसायचं आणि घरी येऊन पुन्हा वडिलांच्या नजरेखाली कप धुवायचे. ती मास्तरांना म्हणाली, "तू त्यांना काहीतरी उद्योग दे. काहीही दे."

मास्तरांकडे देण्यासारखी एकच गोष्ट होती. त्यांनी अण्णांना टिटवी शिकवायला घेतली.

अण्णा मन लावून शिकले. परक्या घराची बेल वाजवावी तशी एका बोटाने एकेक कळ दाबत त्यांनी आपला पहिला प्रोग्रॅम लिहायला काढला. रोजचं ब्लडप्रेशर त्यात भरायचं आणि प्रोग्रॅमने सरासरी काढून द्यायची. मास्तर ऑफिसात असताना एका दुपारी अण्णांनी तो पहिल्यांदा चालवून पाहिला. पडद्यावर लाल अक्षरांत दोन इंग्रजी शब्द आले. अण्णांना इंग्रजी वाचताना मनात मराठी करायची सवय. वरून आलेली पाणीखात्याची सगळी पत्रं त्यांनी तशीच वाचली होती. त्यांनी त्या दोन शब्दांचं मराठी केलं: अनपेक्षित अंत.

त्याच्या बरोबर वर त्यांचं त्या दिवशीचं ब्लडप्रेशर होतं.

अण्णांनी लॅपटॉप हळूच मिटला. संध्याकाळी चहा पिताना ते मास्तरांना म्हणाले, "जावईबापू, माझा तो करडा कोट तुम्हाला होतो का पाहा बरं." कोट चांगला होता, मास्तरांनी घालून पाहिला, खांद्यात बसला, ते खूश झाले. दुसऱ्या दिवशी अण्णांनी आपली छत्री समोरच्या फ्लॅटमधल्या, इमारतीच्या सेक्रेटरींना दिली. तिसऱ्या दिवशी बायको घाबऱ्या घाबऱ्या मास्तरांकडे आली.

"अण्णांनी आत्याला फोन केला."

"मग काय झालं?"

"स्वतःहून केला. आणि शिवणयंत्राचं सगळं माफ केलं म्हणाले."

त्या शिवणयंत्रावरून बहीणभावंडं अर्धं आयुष्य बोलली नव्हती. आता मात्र मास्तरांनी कोट काढून ठेवला. दोघांनी अण्णांना मध्ये बसवून खोदून खोदून विचारलं, तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "मशीनला माझे आकडे कळले. त्याने सांगितलं. मला काही तक्रार नाही."

मास्तरांनी लॅपटॉप उघडून पाहिलं आणि त्यांना हसू आवरेना. अण्णांनी एक कंस उघडला होता आणि तो बंद करायचा राहिला होता. कंस बंद होण्याआधीच प्रोग्रॅम संपला, त्या संपण्याला टिटवी 'अनपेक्षित अंत' म्हणत होती. मास्तरांनी हे समजावून सांगितलं, पण हसत हसत सांगितलं, हे चुकलं. अण्णा उठून आपल्या खोलीत गेले. जाताना म्हणाले, "कंस राहिला तर कंस राहिला म्हणावं माणसाने. अंत कशाला काढावा कुणाचा?"

बायको मास्तरांकडे बघत राहिली. "तुमच्या भाषेत लोकांना असं सांगतात?"

"माझी भाषा नाही ती."

"मग कुणाची?"

"सगळ्यांची. कुणालाही वाटलं तर बदल सुचवता येतो," मास्तर थोड्या अभिमानाने म्हणाले.

"मग सुचव."

माणसाने घरात आपल्या क्षेत्राचं कौतुक जपून करावं, ते यासाठीच. अण्णांनीही आतून जाहीर करून टाकलं की तो निरोप बदलेपर्यंत ते टिटवीला हात लावणार नाहीत. आणि थोड्याच वेळात स्वयंपाकघराच्या दारात येऊन ते नळाकडे बघू लागले.

मास्तरांना वाटलं, चार शब्दांचं काम आहे, चहा निवायच्या आत होईल. त्यांनी टिटवीच्या फोरमवर रीतसर नमस्कार करून इंग्रजीत लिहिलं की हा निरोप माणसाला घाबरवतो, त्याऐवजी 'कंस बंद करायचा राहिला आहे.' असं म्हणावं. शेवटी ठसठशीत पूर्णविराम दिला. कळ दाबली आणि श्वास सोडायच्या आत उत्तर आलं. उत्तर माणसाचं नव्हतं. 'आपल्या सहभागाबद्दल मनापासून आभार. आपण ठरलेला नमुना वापरला नसल्यामुळे ही सूचना बंद करण्यात येत आहे.' पेशंटला खुर्चीत आडवं करावं, तोंड उघडायला लावावं आणि दिवा मालवून डॉक्टरांनी निघून जावं, तसं मास्तरांना वाटलं. ऑफिसात नवीन पोरांना टिटवी शिकवणारा माणूस, आणि त्याच्या तोंडावर यंत्राने दार लावलं.

त्यांच्या मदतीला एक बाई आल्या. फोरमवर कुणी आपला फोटो लावत नाही. या बाईंनी कंदिलाचं चित्र लावलं होतं, म्हणून मास्तर घरात त्यांना कंदीलबाई म्हणत. कुठल्याशा थंड गावात त्या पियानो जुळवायचं काम करत आणि उरलेल्या वेळात टिटवीतल्या नवख्या लोकांचं बोट धरत. त्यांनी मास्तरांना समजावलं की आधी फोरमवर मोकळी चर्चा होते. लोकांना पटलं तर नमुन्याप्रमाणे प्रस्ताव लिहायचा. मग सगळ्यांना मत द्यायला मुदत. शेवटी जाणती मंडळी बैठकीत निर्णय घेतात. "आणि आम्ही हात मोजत नाही," त्यांनी लिहिलं होतं. "कुणाची खरी हरकत शिल्लक नाही, असं झालं की बदल होतो."

मास्तरांना ही पद्धत फारच उदात्त वाटली. तोपर्यंत त्यांना पाणघोडा भेटला नव्हता.

पाणघोडा म्हणजे ज्याचं चित्र पाणघोड्याचं होतं तो. धान्याच्या एका मोठ्या गोदामात तो वजनकाटे सांभाळत असे. त्याची भाषा सभ्य होती आणि हरकत खरी होती. त्याच्या गोदामातला एक प्रोग्रॅम म्हणे टिटवीचे निरोप वाचत बसतो आणि 'अनपेक्षित अंत' हे शब्द दिसले की काटा नव्याने सुरू करतो. शब्द बदलले तर काटा गप्प बसणार आणि धान्याच्या गाड्या दारात उभ्या राहणार.

मास्तरांनी विचारलं, "पण एरर मेसेजच्या शब्दांवर कोण अवलंबून राहतं?"

पाणघोड्याने लिहिलं, "जगात जे जे दिसतं त्याच्यावर कुणी ना कुणी अवलंबून असतंच."

मास्तरांनी याचं उत्तर लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहायला घेतलं. तोवर चर्चा पुढे गेली होती. 'राहिला आहे' म्हणजे दोष कंसाचा की माणसाचा, असं एकाने विचारलं. दुसऱ्याने महिरपी कंसांवर अन्याय होतोय म्हणून सांगितलं. आणि मग कुणीतरी सहज विचारलं की निरोपाच्या शेवटी पूर्णविराम कशाला हवा?

इथे मास्तरांचा तोल गेला. कंसावरून त्यांनी तडजोड केली असती, पण पूर्णविराम ही त्यांच्या घराण्याच्या अब्रूची गोष्ट होती. त्यांनी लांबलचक उत्तर लिहिलं की पूर्णविराम नसलेलं वाक्य म्हणजे बटण नसलेला सदरा. त्यावर ज्या उत्तरांचा पाऊस पडला त्यात मूळ निरोप कुणाला आठवेनासा झाला. त्यातही एक नवीन सभासद मास्तरांच्या फार मागे लागला. त्याने जुन्या पितळी नळाचं चित्र लावलं होतं. इंग्रजी जुन्या सरकारी वळणाचं, पण मुद्दा धारदार. 'माननीय मास्तरांचे विधान सुबक आहे, तथापि पोकळ आहे,' असं त्याने लिहिलं. 'मोटारीतला पेट्रोलचा दिवा लागतो तेव्हा त्याच्यापुढे पूर्णविराम असतो काय? सूचनेने काम सांगावे आणि बाजूस व्हावे.'

मास्तरांना तो दाखला झोंबला, कारण तो चांगला होता. जेवताना ते तणतणले, "हा नळ कोण कुठला, कालपर्यंत ऐकिवात नव्हता. मला पोकळ म्हणतो."

"मुद्दा काय आहे त्याचा?" अण्णांनी खाली मान घालून विचारलं.

"मुद्दा जाऊ द्या. माणूस उद्धट आहे."

"असेल, असेल," अण्णा म्हणाले आणि त्यांनी भाजी वाढून घेतली.

समोरच्या सेक्रेटरींना ही सगळी हकिगत कळली होती. इमारतीच्या सभा चालवून चालवून त्यांचे केस पांढरे झाले होते. एकदा जिन्यात मास्तरांना अडवून ते म्हणाले, "तुमच्या कंसाचं कुठवर आलं? कृष्णाच्या मामाचंच ना?"

"तो कंस नव्हे. वाक्यात असतो तो."

"असेना. तुमचं चुकतंय कुठे सांगतो. विरोधकाशी वाद घालू नये. त्याला उपसमितीत घ्यावं. जिन्याच्या रंगाच्या वेळी मी तेच केलं."

"जिना अजून रंगवला नाही, सेक्रेटरी."

"पण भांडण मिटलं की नाही?"

मास्तरांना ते पटलं. बुडत्याला काडीचा आधार लागतो, इथे तर अख्खे सेक्रेटरी होते. त्यांनी पाणघोड्याला पत्र लिहिलं की आपण दोघे मिळून प्रस्ताव लिहू. पाणघोडा मनापासून आनंदला. इतका आनंदला की त्याने एका शनिवार-रविवारात त्यात टिटवीचे सगळे निरोप, त्यांचं वर्गीकरण, त्यांचा इतिहास आणि भविष्यकाळ एवढं घातलं. चार शब्द बदलायला निघालेल्या मास्तरांच्या नावावर आता 'टिटवीच्या निरोपांचे सर्वंकष धोरण' लागलं. लग्नाला पाहुणा म्हणून जावं आणि मांडव घालायचं काम गळ्यात पडावं, तसं झालं. कंदीलबाईंनी हळुवारपणे कळवलं की धोरण म्हटलं की टिटवीच्या पुढच्या पिढीत, म्हणजे पुढच्या मोठ्या आवृत्तीत, विचार होतो, आणि पुढची पिढी कधी येईल ते अजून चर्चेत आहे. मास्तर धोरणातून बाहेर पडले, त्यालाही एक प्रस्ताव लागला, आणि गाडी पुन्हा मूळ चार शब्दांवर आली.

या धांदलीत ऑफिसात एक प्रकार घडला. निरोपाचे वेगवेगळे मसुदे मास्तर जिथे जागा मिळेल तिथे लिहून बघत. त्यातला एक दवाखान्यांच्या प्रोग्रॅममध्ये राहून गेला आणि पेशंटांच्या फोनवर पोचला: 'आपण उघडलेले बंद करायचे राहिले आहे. कृपया तपासून पाहावे.' खाली दातांच्या डॉक्टरांचं नाव. एका गृहस्थांनी फोन करून सांगितलं की निघताना आपण तोंड बंद केलं होतं, कंपाउंडर साक्षीला आहे. एक बाई कामावरून घरी परत जाऊन गॅस बघून आल्या. बऱ्याच जणांना मात्र वाटलं की दाढेत काहीतरी अर्धवट राहिलंय, आणि तपासल्यावर खरोखरच काही ना काही निघालं. दवाखाने भरून गेले. मास्तरांचे मालक एके काळी स्वतः दातांचे डॉक्टर होते. त्यांनी मास्तरांना केबिनमध्ये बोलावून पुष्कळ झापलं. पण झापताना त्यांचा चेहरा इतका समाधानी होता की मास्तरांना मान खाली घालावी की वर, ते समजेना.

शेवटी निर्णयाच्या बैठकीचा दिवस ठरला. बैठक फोनवर, एकमेकांचे चेहरे बघत. मास्तरांनी घरातली, खिडकीच्या चांगल्या पडद्यासमोरची खुर्ची पुसून ठेवली होती. तर सकाळी अण्णा म्हणाले, "जावईबापू, आज मिस्त्री भिंत फोडायला येणार आहे. फार आवाज होईल. तुम्ही गाडीत बसून बोला ना."

मास्तर क्लासच्या गाडीत, मागच्या सीटवर जाऊन बसले. बैठक सुरू झाली न झाली तोच पुढचं दार उघडून बायको आत आली, आणि तिच्यामागून एक शिकाऊ बाई. त्या बँकेत कॅशियर होत्या. हजारोंची रक्कम न चुकता मोजायच्या, पण स्टेअरिंगला हात लागला की थरथरायच्या.

"माझी शिकवणी आहे. तू बोल, आमचं काही अडत नाही," बायको म्हणाली.

अशा रीतीने टिटवीच्या बैठकीत मास्तर गावभर फिरत बोलू लागले. जाणती मंडळी एकेका चौकटीत बसली होती. पाणघोडा प्रत्यक्षात काडीसारखा बारीक होता. मास्तरांनी मोठ्या आवेशाने आपली बाजू मांडायला सुरुवात केली आणि नेमकी चढावर गाडी आचके देऊन बंद पडली. मागून हॉर्न वाजले. कॅशियर बाईंनी डोळे मिटले.

बायको शांतपणे म्हणाली, "आपण चढावर आहोत. ब्रेकवर पाय ठेवा. छान. आता क्लच दाबा. मग किल्ली."

गाडी सुरू झाली. फोनमध्ये मात्र सगळे थांबले होते. कंदीलबाईंनी विचारलं की कोण बोललं ते, आणि काय बोललं. मास्तर शरमेने म्हणाले की ती माझी पत्नी, गाडी शिकवते, आणि त्यांनी बायकोची वाक्यं जशीच्या तशी इंग्रजी करून सांगितली.

"तुम्ही चुकलात, असं ती कुठेच म्हणाली नाही," कंदीलबाई म्हणाल्या.

मास्तरांनी ते पुढे पोचवलं. बायको रस्त्यावरची नजर न काढता म्हणाली, "चुकलात म्हटलं की लोक दोन्ही हात सोडतात. कुठे आहोत ते सांगायचं आणि पुढे काय करायचं ते सांगायचं. बाकीचं त्यांना माहीत असतं."

मास्तरांनी तेही इंग्रजी करून बैठकीला ऐकवलं. मग एका काळ्या चौकटीतून बोलायची परवानगी मागितली गेली. पितळी नळ. मास्तर सावरून बसले. आता हा आपल्याला पुन्हा पोकळ म्हणणार. नळाने आपला कॅमेरा चालू केला, आणि मास्तरांना सगळ्यांत आधी दिसला तो आपल्याच घरातला खिडकीचा पडदा. मग पडद्यासमोरची पुसलेली खुर्ची. आणि खुर्चीत, केस विंचरून, ताठ बसलेले अण्णा.

अण्णा खाकरले आणि आपल्या सरकारी इंग्रजीत सावकाश बोलू लागले. ते म्हणाले की हा निरोप ज्याला आला तो माणूस मीच. मला वाटलं यंत्राला माझ्याबद्दल काही कळलं. मी घाबरलो नाही, पण एकटा पडलो. मला गोड शब्द नकोत. मी पंप सांभाळलेत. पंप बिघडला की कुठला वॉशर गेला तेवढं मला समजलं पाहिजे. कुठल्या ओळीतला कंस, एवढं सांगा. मग माझं मी बघतो. आणि पूर्णविरामाबाबत माझे जावई विद्वान आहेत, तरी माझं मत कायम आहे.

बायकोने आरशातून मागे पाहिलं. "हा अण्णांचा आवाज आहे ना?"

"हो."

"मिस्त्री येणार होता ना घरी?"

"आला नाही," मास्तर म्हणाले.

या गडबडीत कॅशियर बाईंकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. त्यांनी एकट्याने अख्खं सर्कल पार केलं, उजवीकडे वळल्या आणि गाडी कडेला रेषेत उभी केली.

बैठकीने ठरवलं की निरोपात ओळ सांगायची, कुठला कंस ते सांगायचं आणि तो बंद करा म्हणायचं. पूर्णविराम नाही. उरली पाणघोड्याची हरकत. त्याचा काटा अजूनही गप्प बसणार होता. पाणघोडा कानकोंडा होऊन म्हणाला, "मलाही हे आवडलंय. पण तो प्रोग्रॅम मी फार पूर्वी लिहिला, आता त्याला हात लावायची मला भीती वाटते."

मास्तरांच्या तोंडून आपसूक निघून गेलं, "मी लावतो हात. पाठवा माझ्याकडे."

पुढचा सुट्टीचा दिवस त्यात गेला. प्रत्येक निरोपाला टिटवीने एक क्रमांक दिलेला असतो. शब्द बदलले तरी तो बदलत नाही. मास्तरांनी काट्याच्या प्रोग्रॅमला शब्द सोडून क्रमांक वाचायला शिकवलं. काम किचकट होतं, पण दुसऱ्याच्या गोदामातलं ते जुनं जाळं सोडवताना त्यांना विलक्षण बरं वाटलं. पाणघोड्याने चालवून पाहिलं आणि फोरमवर एका शब्दात लिहिलं: 'बिनहरकत.' कंदीलबाईंनी प्रस्ताव मंजूर झाल्याची खूण केली. मंजूर मजकुरात मास्तरांचा म्हणावा असा एकही शब्द राहिला नव्हता.

पण आधी त्या बैठकीच्या दिवसाचं सांगायचं राहिलं. मास्तर घरी आले तेव्हा अण्णा त्याच खुर्चीत होते आणि समोर दोन कप चहा होता. मास्तर न बसता म्हणाले, "अण्णा, मला सांगितलं का नाहीत? एवढे दिवस मी त्या नळाला शिव्या देत जेवत होतो, आणि तुम्ही भाजी वाढून घेत होतात."

अण्णांनी कप पुढे सरकवला. "घरात सांगितलं असतं तर तुम्ही ऐकून घेतलं असतं, जावईबापू. सासरा म्हणून. निवृत्त झाल्यापासून सगळे माझं ऐकूनच घेतात. हो अण्णा, बरं अण्णा. तिथे तुम्ही माझं एकेक वाक्य खोडून काढत होतात. फार वर्षांनी कुणी मला खोडून काढलं. मजा आली."

मास्तर बसले. चहा घेतला. जरा वेळाने म्हणाले, "पेट्रोलच्या दिव्याचा दाखला चांगला होता."

"तुमचाही सदऱ्याचा वाईट नव्हता. जरा घट्ट होता एवढंच."

टिटवीची नवी आवृत्ती आली त्या संध्याकाळी घरी मंडळी जमली. सेक्रेटरीही आले. उपसमितीची कल्पना आपली असल्यामुळे तो आपल्या घरचा सोहळा आहे असं त्यांचं म्हणणं पडलं. अण्णांनी एका बोटाने आपला जुना प्रोग्रॅम चालवला. कंस त्यांनी मुद्दामच तसा ठेवला होता. पडद्यावर ओळ दिसली, कंसाखाली छोटी खूण दिसली आणि तो बंद करा असं नम्रपणे आलं. अण्णांनी वाचलं, मान हलवली, कंस बंद केला आणि पुन्हा चालवलं. सरासरी आली.

बायकोने पुढे वाकून आकडा पाहिला. "जास्त आहे हे."

"किंचित," अण्णा म्हणाले.

"किंचित कसलं? महिनाभर दोघं भांडत बसलात त्या फोरमवर. दुसरं काय होणार? ते काही नाही. आजपासून घरातल्या घरात तुमच्या त्या चर्चा बंद."

अण्णांनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी अण्णांकडे पाहिलं. आणि त्या घरात पहिल्यांदाच सासरा-जावई एका सुरात बोलले, "असं एकदम बंद करता येत नाही. आधी प्रस्ताव मांडावा लागतो."

"मांडा," ती म्हणाली. "मी तोवर पानं घेते."

सेक्रेटरींनी खुर्ची पुढे ओढली आणि अध्यक्ष कोण, म्हणून विचारलं.